जखमेचा हिशेब

पनवेल सोडून गोव्याच्या वाटेला लागलें, कीं शिरढोणच्या पुढें झाडीच्या वर आभाळांत घुसलेला अंगठ्यासारखा एक सुळका दिसूं लागतो. तोच कर्नाळा. आतां तेथें पक्ष्यांचें अभयारण्य आहे आणि सुटीच्या दिवशीं मुंबईकडील कुटुंबें फराळाचे डबे घेऊन तेथें जातात. परंतु एके काळीं पनवेलची खाडी आणि बोरघाटाची वाट ह्या दोहोंवर नजर ठेवण्याचें काम ह्या सुळक्याखालीं राहणाऱ्या मूठभर माणसांकडे होतें. तीं माणसें मोठ्या सरदारांचीं नव्हतीं. बखरींत त्यांचीं नांवें नाहींत. पावसाळ्यांत शेत करावें, उघडीप झाली कीं तलवार-भाला घेऊन पहाऱ्याला उभें राहावें, महालांतून वसूल निघाला कीं त्याच्याबरोबर चालावें, दंगा झाला कीं धांवून जावें, असा त्यांचा क्रम. मराठी दप्तरांत त्यांना 'शिबंदी' म्हणतात.

अशा माणसाचा हात किंवा पाय कामावर असतां गेला, तर त्याला पुढें कोणी पोसावयाचें? सरकारनें, महालानें, गांवानें, कीं त्याच्या बायकोनें? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर देतांना तीनशें वर्षें राज्यकर्ते अडखळत आले आहेत, आणि अडखळण्याचें कारण बहुधा एकच आहे. जखम केवढी आहे हें विचारण्याआधीं, ती कोणाच्या हुकमावर झाली हें विचारण्याची दप्तराची संवय.

शिबंदी आणि खडी फौज ह्यांतील भेद आधीं स्पष्ट केला पाहिजे. पागेचा बारगीर सरकारच्या घोड्यावर बसे आणि सरकारचा पगार खाई. शिलेदार आपला घोडा घेऊन येई, पण त्याचेंही नांव मुख्य फौजेच्या हजिरीवर असे. शिबंदीचें तसें नव्हतें. ती स्थानिक असे, गरजेप्रमाणें ठेविली जाई आणि गरज सरली कीं कमी केली जाई. पेशवाईंत तिचा खर्च मामलेदार किंवा कमाविसदार आपल्या महालाच्या वसुलांतून करी, आणि सालअखेरच्या हिशेबांत 'शिबंदी' ह्या सदराखालीं तो वजा घाली. म्हणजे हुजूरच्या खजिन्याच्या दृष्टीनें हा माणूस माणूस नव्हताच. तो महालाच्या खर्चांतील एक रक्कम होता. किल्ल्यांवरील लोकांची गोष्ट थोडी निराळी. गडाचा हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे सरकारचे नोकर. परंतु गडाच्या घेऱ्यांत राहून रात्रंदिवस चौकी देणारे रामोशी, महार, कोळी ह्यांना बहुधा जमिनी लावून दिलेल्या असत, आणि त्या बापाकडून मुलाकडे जात. जमीन हाच त्यांचा पगार, तोच त्यांचा म्हातारपणचा आधार.

आतां ह्या प्रश्नाचें मराठी इतिहासांतील सर्वांत जुनें आणि सर्वांत स्वच्छ उत्तर पाहावें. तें प्रतापगडचें आहे. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफझलखानाचा वध झाला, जावळीच्या रानांत त्याची फौज बुडाली, आणि लढाई संपल्यावर शिवाजीमहाराजांनीं आपल्या लोकांचा हिशेब केला. कृष्णाजी अनंत सभासद ह्यानें हा प्रसंग लिहून ठेविला आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरींत घेतलें. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याच्या पगाराचा निमा भाग चालू केला. आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास किंवा पंचवीस होन दिले.

ह्या आंकड्यांचें वजन आज एकदम कळत नाहीं. त्यासाठीं सभासदानेंच दिलेले पगाराचे आंकडे शेजारीं ठेवावे. पायदळांत नऊ माणसांवर नाईक, पांच नाइकांवर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार. आणि ह्या जुमलेदाराचा पगार सालीना शंभर होन. दहा जुमले मिळून एक हजारी, त्याला पांचशें होन. म्हणजे मोठ्या जखमेला जें मिळालें, तें शेंदीडशें माणसांवरील अधिकाऱ्याच्या दोन वर्षांच्या पगाराइतकें होतें. आणि अगदीं लहान जखमेलाही त्याच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मिळाली. साध्या प्यादाच्या दृष्टीनें ह्याचें मोल किती मोठें असेल, तें सांगावयास नको.

पण रकमेहून अधिक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. प्रतापगडच्या खालीं लढलेले सारे लोक महाराजांच्या स्वतःच्या हजिरीवरचे नव्हते. कान्होजी जेधे आणि बारा मावळांतील इतर देशमुख आपापले लोक घेऊन आले होते. त्या लोकांचें अन्न देशमुखाच्या घरचें, त्यांचा धनी देशमुख. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर, ते कामापुरते बोलावलेले राखीव लोक होते. सभासदाच्या लेखांत मात्र जखमींचे दोन वर्ग नाहींत. सरकारी जखम आणि देशमुखी जखम असा भेद तो करीत नाहीं. माप एकच, आणि तें जखमेचें. सभासदानें ही बखर घटनेनंतर तीसपस्तीस वर्षांनीं, राजाराममहाराजांच्या वेळीं जिंजीस लिहिली, हें खरें. आंकडे ठळक आणि वाटोळे आहेत, हेंही खरें. तरी असा भेद त्या वेळीं महत्त्वाचा असता, तर हिशेबी स्वभावाच्या ह्या लेखकानें तो गाळला नसता.

ह्या व्यवस्थेची स्तुति करतांना तिच्यांतील उणीव झांकण्याचें कारण नाहीं. एकरकमी बक्षीस आणि जन्मभराची नेमणूक ह्यांत फरक आहे. विधवेला निमा पगार मिळे, तो दरसाल मिळे. पाय गेलेल्या माणसाला मिळालेले दोनशें होन एकदांच मिळाले. तो तरुण असेल, घरांत दोन लहान मुलें असतील, दुष्काळाचें एक साल आलें असेल, तर ते होन किती दिवस पुरले असतील? सभासद त्याविषयीं बोलत नाहीं. जिंकलेल्या लढाईच्या दुसऱ्या दिवशीं हात सैल असतो. दहाव्या वर्षीं काय होतें, हीच खरी कसोटी.

कर्नाळ्याकडे पुन्हां वळावें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. जवळचा प्रबळगडही होता. १६७० सालीं मराठ्यांनीं ते परत घेतले. कर्नाळ्यावर चढतांना मराठे पुढें मातीचे आडोसे रचीत आणि त्यांच्या आश्रयानें वर सरकत, असें सांगतात. योगायोग असा, कीं त्याच १६७० सालीं फ्रान्सचा राजा चौदावा लुई ह्यानें पॅरिस येथें अपंग आणि वृद्ध शिपायांसाठीं मोठा आश्रम बांधण्याची आज्ञा केली. 'अँवालीद' ह्या नांवानें तो आजही उभा आहे आणि पुढें नेपोलियनची समाधीही तेथेंच झाली. बारा वर्षांनीं लंडनजवळ चेल्सी येथें दुसऱ्या चार्ल्सनें त्याचें अनुकरण केलें. परंतु हे दोन्ही आश्रम राजाच्या खड्या फौजेसाठीं होते. परगण्यांतून जमविलेल्या शिपायाची सोय इंग्लंडांत त्यापूर्वींच एका निराळ्या रीतीनें झाली होती. एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत, १५९३ सालीं, पार्लमेंटानें असा कायदा केला, कीं लढाईंत लुळ्यापांगळ्या झालेल्या शिपायाला त्याच्या परगण्यानें पोसावें, आणि त्यासाठीं दर पॅरिशवर कर बसवावा. राणीच्या लढाईंत पाय गेला, पण पोसावयाचें गांवानें! हा युक्तिवाद फार जुना आहे, आणि अजून जिवंत आहे.

पेशवाईंत मराठी राज्य पसरलें, फौजा अटकेपर्यंत गेल्या, आणि दप्तरही तसेंच वाढलें. युद्धांत पडलेल्यांच्या मुलांना दिल्या जाणाऱ्या नेमणुकीला 'बालपरवेशी' हें नांव रूढ झालें. बालकांची परवरिश असा त्याचा अर्थ. कोणाला रोख, कोणाला जमीन. अशा नेमणुकांच्या नोंदी पेशव्यांच्या दप्तरांत आहेत, आणि मराठ्यांच्या राज्यपद्धतीवर लिहितांना डॉ. सुरेंद्रनाथ सेन ह्यांनीं त्यांची दखल घेतली आहे. कोंकणांत ह्याची गरज किती पडली असेल, त्याची कल्पना एका वसईच्या मोहिमेवरून येते. चिमाजीआप्पानें १७३९ च्या मे महिन्यांत वसई घेतली, त्या वेढ्यांत मराठ्यांचे पांच हजारांवर लोक मेले किंवा घायाळ झाले, असें मराठ्यांच्याच सांगण्यावरून ग्रँट डफनें नमूद केलें आहे.

खड्या फौजेपुरतें पाहिलें, तर ह्या काळांतील सर्वांत व्यवस्थित पद्धत महादजी शिंद्यांच्या कंपूंत होती. डी बॉयन ह्या सॅव्हॉयच्या सेनापतीनें हे कंपू उभे केले. जखमी शिपायाला किंवा अंमलदाराला जखमेच्या मानानें पंधरा दिवसांपासून तीनचार महिन्यांपर्यंतचा पगार बक्षीस मिळे, आणि उपचार चालू असेपर्यंत त्याचा चालू पगार कापला जात नसे. जो कायमचा निकामी झाला, त्याला अर्ध्या पगाराची नेमणूक जन्मभर मिळे. शिवाय जमीनही मिळे. जखमेचें बक्षीस एकीकडे आणि अपंगाची आजन्म सोय दुसरीकडे, हा भेद येथें स्पष्ट झाला. प्रतापगडच्या व्यवस्थेंत जें राहून गेलें होतें, तें सव्वाशें वर्षांनंतर शिंद्यांच्या छावणींत भरून निघालें.

पण हें कंपूंतल्या शिपायाचें झालें. महालाच्या शिबंदीचें काय? तिचा पगार जेथून निघे, तेथूनच तिच्या जखमेची भरपाई निघावयाची. आणि मामलेदाराला तर शिबंदीखर्चाचा एकेक रुपया हुजुरांत मजूर करून घ्यावा लागे. मामला इजाऱ्यानें दिला जाऊं लागला, तेव्हां तर हें अधिकच कठीण झालें. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल जास्त बोलीनें देण्याची चाल बोकाळली. ज्यानें सालाची रक्कम आगाऊ बोलून महाल घेतला आहे, त्याला पुढच्या सालीं महाल आपल्याकडे राहील कीं नाहीं ह्याचीच शाश्वति नाहीं. तो लंगड्या प्यादाची जन्मभराची काळजी कशाला वाहील? शिबंदीच्या माणसाला तेव्हां भरंवसा धरावयास दोनच गोष्टी होत्या: एखाद्या थोर मनाच्या अधिकाऱ्यानें मिळवून दिलेली सनद, किंवा वडिलांपासून चालत आलेली जमीन.

१८१८ सालीं हीं दोन्ही कसोटीला लागलीं. त्या वर्षाच्या आरंभीं कर्नल प्रॉथरची इंग्रज तुकडी कोंकणांत शिरली. कर्नाळा तिनें घेतला, आणि मे महिन्यांत रायगडही पडला. मधल्या काळांत, ११ फेब्रुवारीला, एल्फिन्स्टननें साताऱ्याहून तो प्रसिद्ध जाहीरनामा काढला. वतनें, इनामें, वर्षासनें, सालीना नेमणुका, देवस्थानें आणि धर्मादाय चालू राहतील, असें अभय त्यांत होतें. मात्र बाजीरावाच्या चाकरींत असलेल्यांनीं ती चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आंत आपापल्या घरीं परत जावें, अशी अट होती.

मुत्सद्देगिरीच्या दृष्टीनें हा जाहीरनामा कुशल होता, ह्यांत शंका नाहीं. पण तो शिबंदीच्या माणसाच्या डोळ्यांनीं वाचून पाहावा. ज्याच्या हातीं कागद आहे, त्याला अभय आहे. ज्याच्या अंगावर फक्त जखम आहे, त्याच्याविषयीं एक अक्षर नाहीं. गडावरचा पहारा संपला, मामलेदाराची कचेरी गेली, हजिरीचे कागद कोठे गेले कोणास ठाऊक; आणि ज्या राज्यासाठीं पाय गेला तें राज्यच उरलें नाहीं. पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला बळ मिळालें, तेव्हां तर कागद असणाऱ्यांनाही तो खरा आहे हें सिद्ध करण्याची पाळी आली. पणजोबाच्या नांवानें मिळालेल्या जमिनीची सनद वाळवीनें खाल्ली असेल, घर जळालें असेल, भावांच्या वाटणींत ती हरवली असेल. सनद नाहीं, तर हक्क नाहीं. पणजोबाचा तुटलेला हात पुरावा म्हणून पुढें करतां येत नाहीं.

कंपनीनें आपल्या स्वतःच्या शिपायांची मात्र कांहीं सोय लावली होती. कोंकणांतच दापोलीची छावणी होती. नियमित पलटणी तेथून हलल्यावर जुन्या, थकलेल्या शिपायांचें एक पथक तेथें ठेविलेलें होतें. पेन्शन घेऊन दापोलीच्या आसपास स्थायिक झालेल्या शिपायांचीं घरें, विशेषतः महार शिपायांचीं, पुढें शिक्षणांत आणि समाजकारणांत पुढें आलीं. दर महिन्याला ठरलेल्या दिवशीं हातांत पडणारे चार रुपये घराला किती उंच उचलूं शकतात, त्याचें हें उदाहरण आहे. ज्यांची नांवें कंपनीच्या यादींत होतीं, त्यांचें असें झालें. ज्यांचीं नांवें बुडालेल्या राज्याच्या यादींत होतीं, त्यांचें काय झालें, तें बंडांच्या इतिहासांत शोधावें लागतें.

उमाजी नाइकाचें घराणें पुरंदरच्या रखवालीचें. गडाच्या चौकीचे हक्क तुटले, आणि रामोश्यांचा हा नायक राज्याविरुद्ध उभा राहिला. १८३२ सालीं पुण्यास त्याला फांशी झाली. १८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत गडकऱ्यांचें बंड झालें. तेथें दाजी कृष्ण पंडित ह्या कारभाऱ्यानें गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखालीं आणिल्या. कागदावर ही केवळ कारभाराची सुधारणा होती. सामानगड आणि भुदरगडच्या लोकांना मात्र आपला पिढीजाद आधार निसटतो आहे असें दिसलें, आणि त्यांनीं गडाचे दरवाजे लावून घेतले. सामानगडावर तोफा डागून तो घ्यावा लागला. ह्या बंडांना दुसरीं कारणें नव्हतीं असें नाहीं. पण राखीव माणसाची भाकर काढून घेतली, तर त्याला येणारें कौशल्य एकच असतें, आणि तें राज्यानेंच त्याला शिकविलेलें असतें, एवढें त्यांवरून दिसतें.

कर्नाळ्याच्या पायथ्याशींही ह्याचा एक धागा येतो. गडाच्या उत्तरेस शिरढोण गांव आहे. तेथें १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म झाला. त्यांचे आजे अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातू मात्र पुण्यास इंग्रज सरकारच्या लष्करी हिशेबखात्यांत कारकून झाला; म्हणजे फौजेवर होणाऱ्या खर्चाचे आंकडे लिहिणें हेंच त्याचें रोजचें काम. १८७९ सालीं त्यानें सरकाराविरुद्ध जें बंड उभारलें, त्यांत पहिले साथी मिळाले ते रामोशी. किल्लेदाराचा नातू आणि गडाच्या घेऱ्यांतील चौकीदारांचे नातू असे साठ वर्षांनीं पुन्हां एकत्र आले.

इकडे हें चाललें असतां समुद्रापलीकडे ह्या प्रश्नाला कायद्याचें एक नेमकें रूप आलें होतें, आणि तें पाहिल्याशिवाय पुढचा भाग नीट कळणार नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानें स्वतंत्र झालीं, तेव्हां प्रत्येक संस्थानाची स्वतःची नागरी फौज होती. तिला मिलिशिया म्हणत. शेतकरी, सुतार, दुकानदार हेच तिचे शिपाई. आपल्याकडील शिबंदीचेच ते भाऊबंद. १७९२ च्या मे महिन्यांत अमेरिकन कांग्रेसनें मिलिशियाचा कायदा केला. एखाद्या संस्थानाच्या मिलिशियांतील माणूस संयुक्त संस्थानांच्या चाकरींत बोलावला गेला आणि त्या चाकरींत जखमी किंवा अपंग झाला, तर त्याची काळजी सार्वजनिक खर्चानें घ्यावी, असें त्यांत स्पष्ट होतें. उदार कलम. पण त्यांतील 'संयुक्त संस्थानांच्या चाकरींत' ह्या शब्दांकडे लक्ष द्यावें. तोच माणूस स्वतःच्या संस्थानाच्या गव्हर्नराच्या हुकमावर पूर किंवा दंगा शमवावयास गेला आणि तेथें पाय गमावून बसला, तर हें कलम त्याला लागू नाहीं. तेथील नॅशनल गार्ड ही ह्या मिलिशियाची आजची वारस. तिच्यांत हा भेद अजून आहे. राष्ट्राध्यक्षाच्या हुकमावरची जखम मध्यवर्ती सरकारच्या निवृत्त-सैनिक खात्याकडे जाते. केवळ गव्हर्नराच्या हुकमावर, संस्थानाच्या खर्चानें केलेल्या चाकरींतील जखम संस्थानाच्या कायद्याकडे जाते, आणि पन्नास संस्थानांचे पन्नास कायदे आहेत.

हिंदुस्थानांत इंग्रजांनीं १८८६ सालीं फौजेला जोडून राखीव सैनिकांची पद्धत सुरू केली. पहिल्या महायुद्धांत जखमी शिपायांची संख्या एकदम वाढली, तेव्हां पेन्शन पुरेशी नाहीं, माणसाच्या हाताला काम पाहिजे, हा विचार मुंबई इलाख्यांत मूळ धरूं लागला. १९१७ सालीं गव्हर्नराची पत्नी लेडी विलिंग्डन ह्यांच्या पुढाकारानें अपंग हिंदी सैनिकांसाठीं क्वीन मेरीच्या नांवानें एक धंदेशिक्षणाची शाळा निघाली. ती पुण्याजवळ खडकीस आजही चालू आहे. १९२० सालीं प्रादेशिक फौजेचा कायदा झाला आणि आपापला धंदा सांभाळून लष्करी शिक्षण घेणारा नागरिक-शिपाई हिंदुस्थानांतही निर्माण झाला.

दुसऱ्या महायुद्धानें आणखी एक पाऊल पुढें टाकावयास लावलें. बॉम्ब पडूं लागले, कीं लढणारा आणि न लढणारा हा भेद पुसट होतो. १९४१ च्या वटहुकमानें युद्धांत झालेल्या इजांबद्दल मदत देण्याची तरतूद केली, आणि नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकाला कामावर असतां झालेली इजा हा एक निराळा प्रकार मानला. हा स्वयंसेवक शिपाई नव्हता, सरकारी नोकरही नव्हता. तरी त्याच्या जखमेचा उल्लेख कायद्यांत झाला. चिनी आक्रमणानंतर १९६२ सालीं पार्लमेंटानें केलेल्या कायद्यांतही हीच कल्पना पुन्हां आली. परंतु दोन्ही वेळां ती आणीबाणीच्या मुदतीपुरती होती. शांततेच्या काळांत पडलेल्या भिंतीखालीं सांपडलेल्याला तिचा उपयोग नव्हता.

आतांच्या महाराष्ट्रांत शिबंदीचे दोन वारस आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं. पहिला होमगार्ड. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईंत ही संघटना सुरू झाली; त्या वेळीं शहर दंग्यांनीं होरपळलें होतें आणि मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ सालीं तिचा कायदा झाला. १९६२ नंतर सर्व राज्यांनीं आपापल्या स्वयंसेवक संघटना एकाच धर्तीवर आणाव्या, असें मध्यवर्ती सरकारनें सुचविलें, आणि मुंबईंत लाविलेलें हें रोप देशभर पसरलें. दुसरा वारस प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी. तिचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारी ह्यांनीं तिचें उद्घाटन केलें. मराठा लाइट इन्फन्ट्रीशीं जोडलेल्या तिच्या पलटणी पुण्यास आणि कोल्हापुरास आहेत.

दोन्ही ठिकाणचा माणूस एकाच मातीचा. एखादा शेतकरी, एखादा कारखान्यांतील कामगार, एखादा दुकानांतला गुमास्ता. पण एक मध्यवर्ती सरकारचा, दुसरा राज्याचा. प्रादेशिक सेनेंतील माणूस प्रत्यक्ष सेवेंत बोलावला गेला असतां लष्करी सेवेमुळें अपंग झाला, तर त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळते. एवढेंच नव्हे, तर माजी सैनिकाच्या सरकारी व्याख्येंतही त्याला जागा आहे. आणि ती जागा मिळाली, कीं राखीव नोकऱ्या, मुलांच्या शिक्षणाच्या सवलती, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा दरवाजा, हें सारें त्यामागून येतें. होमगार्ड ह्या व्याख्येंत बसत नाहीं. तो कायद्यानें स्वयंसेवक आहे. त्याला पगार नाहीं, कामावर बोलावल्या दिवसांचा कर्तव्यभत्ता आहे. सुप्रीम कोर्टानें २०१५ च्या मार्च महिन्यांत होमगार्डांच्या एका मोठ्या खटल्यांत निकाल दिला. त्यांना कायम नोकरींत घेण्याची मागणी मान्य झाली नाहीं. कामावर असतील त्या दिवसांचा भत्ता मात्र पोलीस शिपायाच्या किमान पगाराच्या मानानें द्यावा, असें ठरलें. म्हणजे कामाच्या दिवसाची किंमत कोर्टानें पोलिसाच्या बरोबरीची ठरविली. जखमेनंतरच्या दिवसांची किंमत राज्य सरकारच्या हुकमांवर आणि सानुग्रह मदतीवर राहिली. 'सानुग्रह' हा शब्द येथें पाहण्यासारखा आहे. अनुग्रह म्हणजे कृपा. प्रतापगडच्या खालीं वांटलेले होनही कदाचित् कृपाच असतील; पण त्यांची प्रत ठरलेली होती, आणि ती वांटतांना माणूस कोणाच्या हजिरीवरचा आहे हें विचारलें गेल्याची नोंद नाहीं.

उदाहरणासाठीं असें समजावें, कीं पावसाळ्यांत पनवेलच्या खालच्या वस्तींत पुराचें पाणी शिरलें आहे. नदीकांठच्या एका पडक्या घरांतून माणसें काढण्यासाठीं दोघेजण आंत शिरतात. एक प्रादेशिक सेनेचा, त्याची तुकडी मदतीस धाडलेली आहे. दुसरा पनवेलचाच होमगार्ड, तहसिलदाराच्या मागणीवरून आलेला. भिंत पडते आणि दोघांच्याही पायांवरून जाते. दोघांनाही एकाच गाडींतून एकाच इस्पितळांत नेतात, आणि डॉक्टर दोघांचाही पाय गुडघ्याखालीं कापतो. येथपर्यंत दोघांत फरक नाहीं. फरक दुसऱ्या आठवड्यांत सुरू होतो. पहिल्याचे कागद त्याच्या पलटणीकडून लष्करी वैद्यकीय मंडळापुढें जातात. अपंगत्व शेंकडा किती, तें सेवेमुळें आलें कीं कसें, हें तेथें ठरतें, आणि त्या आंकड्यावरून महिन्याची रक्कम निघते. दुसऱ्याचा अर्ज त्याच्या बायकोनें लिहून घेतलेला असतो. तो जिल्हा समादेशकाच्या कचेरींत जातो, तेथून मुंबईस जातो, आणि त्याच्यावर पहिला शेरा पडतो तो असा, कीं अपघाताच्या दिवशीं सदर इसम हजेरीपटावर होता किंवा कसें, ह्याचा दाखला जोडावा.